जिओकॅशिंग सुरू करायचं तर आधी खिशात पेन ठेवा

तुम्ही विचारलंय की नुकतेच ओरेगॉनला राहायला आलोय, शनिवार-रविवारी मुलाला घेऊन जिओकॅशिंग (लोकांनी लपवून ठेवलेल्या डब्या-पेट्या जीपीएसने शोधायचा खेळ) सुरू करायचंय, तर जीपीएसचं कोणतं यंत्र घ्यावं?

कोणतंच घेऊ नका. हातातला फोन पुरतो. या खेळाचं ॲप उतरवा, त्यात फुकटचं खातं उघडा, निदान पहिले दोन महिने पैसे भरू नका. आणि पेन घ्या. हे अनुभवाने सांगतेय. आमचा पहिला डबा (आमच्या घरात जिओकॅशला सरळ 'डबा'च म्हणतात) एका दुकानाच्या पार्किंगमध्ये होता. तिथल्या दिव्याच्या खांबांना पायथ्याशी, बोल्ट झाकायला, पत्र्याचं चौकोनी झाकण असतं. ते वर सरकतं हे मला तोवर माहीतही नव्हतं. त्याखाली फोटोच्या रोळाची जुनी डबी आणि तिच्यात कागदाची बोटाएवढी गुंडाळी. त्या कागदावर आपलं नाव आणि तारीख लिहायची, तरच डबा सापडला असं धरतात. डबी इतकी लहान की आत पेन मावत नाही. शेवटी पर्समधल्या काजळाच्या पेन्सिलीने सही केली.

ॲपमध्ये प्रत्येक डब्यापुढे दोन आकडे दिसतील, एक शोधायला किती अवघड आणि दुसरा तिथवर पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५. सुरुवातीला दोन्हीकडे दीडच्या वर जाऊ नका. मूल बरोबर असेल तर 'मायक्रो', म्हणजे त्या डबीसारखे अगदी छोटे डबे, टाळा. कागदाच्या गुंडाळीत सहा वर्षांच्या पोराला काय गंमत? आधी शोधायला आलेल्यांच्या शेवटच्या चार-पाच नोंदीही वाचा. सगळ्यांनी 'सापडला नाही' लिहिलं असेल तर बहुधा डबाच गायब झालेला असतो.

आता खरी मेख. फोनचं जीपीएस उघड्यावर पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं, डग्लस फरच्या दाट झाडीत त्याहून जास्त. नवीन माणूस बाण वळेल तसा गोल गोल फिरत बसतो. दहा मीटर राहिले की फोन खिशात टाका आणि मीच लपवला असता तर कुठे, असा विचार करा. निसर्ग काड्या एका ओळीत लावून ठेवत नाही. एकदा जंगलात पाऊण तास आम्ही एका आडव्या पडलेल्या खोडाभोवती घालवला. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, या सालीचं शेवाळ खालच्या बाजूला का आहे?" ती साल उचलली तर खाली लष्करी काडतुसांची हिरवी पेटी. आत गोट्या, किल्ल्यांची कडी, प्लास्टिकचा डायनासोर. त्याने डायनासोर घेतला आणि आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा ठेवला. नियम एवढाच की जे घ्याल त्याच्या तोडीचं किंवा वरचढ काहीतरी ठेवा. खाऊ मात्र नको, जनावरं डबा फोडतात. नंबर कोरलेली धातूची पट्टी मिळाली तर ती ठेवून घ्यायची नसते, पुढच्या डब्यात पोचवायची असते.

तुम्ही तर या खेळाच्या माहेरीच आलाय. अमेरिकी सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, ते २ मे २००० रोजी थांबलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी पोर्टलँडच्या आग्नेयेला, बीव्हरक्रीकजवळ, एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या उसळीचा डबा. ६ मेपर्यंत ती दोघांना सापडलीही होती. गंमत म्हणजे आजच्या नियमांत ही बादली बसली नसती, कारण पुरायलाही मनाई आणि खाऊलाही. आज तिथे स्मृतिफलक आहे, एखाद्या रविवारी जाऊन या.

लाज वाटेल, ते धरून चाला. 'बेवारस वस्तूंना हात लावू नका' ऐकत मोठे झालेले आपण, भर पार्किंगमध्ये खांबाखाली हात घालताना इकडेतिकडे बघतो, आणि बघितलं की जास्तच संशयास्पद दिसतो. कुणी विचारलं तर सरळ सांगा, फोन दाखवा. बहुतेकांना कुतूहलच वाटतं.

स्वतः डबा लपवायची घाई नको, आधी पन्नासेक शोधा. सुट्टीत भारतात गेल्यावर तिथे लपवून येण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. पण लपवणाऱ्याला डब्याची देखभाल करावी लागते आणि ती इथून होत नाही. शिवाय गडकिल्ल्यांवर, म्हणजे संरक्षित वास्तूत, काही दडवणं मला तरी पटत नाही.

रानात जाताना फुलपँट घाला. ब्लॅकबेरीचे काटे आणि तीन-तीन पानांचं पॉयझन ओक (अंगाला लागलं की खाज सुटवणारं झुडूप) दोन्ही इथे आहेत.

आणि डबा सापडला नाही तर तशी नोंद प्रामाणिकपणे करा, लपवणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. माझ्या अशा नोंदींपैकी तीन घराजवळच्या एकाच बाकाच्या आहेत. इतरांना तिथे मिळतो, आम्हाला नाही. हल्ली आम्ही त्या बाकावर बसून घरून नेलेला डबा खातो आणि परत येतो.