एएफ तिसऱ्यांदा आलं, पण आधी ॲस्पिरिनचं बघा

खानापूर भागात नवीन दवाखाना टाकलेल्या डॉक्टरांनी विचारलंय: ६८ वर्षांच्या बाई, बीपी आणि शुगर, वर्षात तिसऱ्यांदा एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडणं). दर वेळी एक-दोन दिवसांत आपोआप थांबतं. मेटोप्रोलॉल आणि ॲस्पिरिन चालू आहे, आता ठोक्यांची लय सांभाळणारं अमिओडॅरोन लावू का?

डॉक्टर, मला ॲस्पिरिन खटकलं. एएफमध्ये स्ट्रोकचा धोका मोजायचा स्कोअर (CHA2DS2-VASc) लावून बघा. बीपी एक, शुगर एक, पासष्टीच्या पुढचं वय एक, स्त्री म्हणून एक. स्कोअर चार झाला. अशा पेशंटला ॲस्पिरिन देऊन आपण फक्त आपलं समाधान करून घेतो. २०११ च्या ॲव्हेरोज अभ्यासात ॲस्पिरिनऐवजी एपिक्सबॅन ही रक्त पातळ करायची गोळी दिल्यावर स्ट्रोक निम्म्याहून कमी झाले, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. स्टेंट वगैरे नसेल तर ॲस्पिरिन काढून टाका.

पण एको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय एपिक्सबॅन लिहू नका. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलेल्या बायका आपल्याकडे अजून भेटतात. त्या तापानं हृदयाची मायट्रल झडप चांगलीच अरुंद झालेली निघाली तर हा स्कोअर मोजायचाच नाही, सरळ वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची जुनी औषधं, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) २ ते ३. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात अशा पेशंटमध्ये रिव्हरॉक्सबॅनवर (एपिक्सबॅनच्याच जातीची गोळी) वॉरफरिनसारख्या औषधांपेक्षा मृत्यू जास्त झाले. कणकुंबीकडचा पेशंट पावसाळ्यात आयएनआरला खाली उतरत नाही हे मला माहीत आहे, तरी दुसरा रस्ता नाही. पालेभाजीनं आयएनआर हलतो म्हणून ती बंद करायला मात्र सांगू नका, रोज जेवढी खातात तेवढीच खाऊ दे.

एपिक्सबॅनच्या डोसची एक चूक सगळीकडे दिसते. पेशंट म्हातारी, अंगानं बारीक, म्हणून अडीच मिलिग्रॅम. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींतल्या दोन असतील तरच अडीच. तुमच्या बाई ५० किलोच्या असल्या तरी किडनी ठीक असेल तर पाच मिलिग्रॅम दोनदा.

आता माझीच गोष्ट सांगतो. निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेल्या एक आजी होत्या. दुसऱ्यांदा एएफ आलं तेव्हा मी रक्त पातळ करायची गोळी सुरू केली आणि चिठ्ठीवर 'एक महिना' लिहिलं. मनात होतं, महिन्यानं बोलावून पुढची लिहू. गोळ्या संपल्या, आजी चिंचलीला मायाक्काच्या जत्रेला गेल्या आणि परत आल्या त्या तोंड वाकडं, उजवा हात लुळा. थोडं बोलायला यायला लागल्यावर म्हणाल्या, "छातीत धडधडत न्हवतं की डॉक्टर, मग गोळी कशापायी?" यात त्यांची काहीच चूक नव्हती. ठोके सुधारले तरी ही गोळी चालूच ठेवायची, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून पाकिटावर मार्करनं सूर्य आणि चंद्र काढून देतो. आजी मराठी चौथी, नातू कन्नड शाळेत, पाकिटावर इंग्रजी. चित्र सगळ्यांना कळतं.

राहिलं अमिओडॅरोन. सारखं उलटतंय तर लय सांभाळायचा विचार बरोबर आहे. ईस्ट-एएफनेट ४ (२०२०) या अभ्यासानं दाखवलं की निदानाच्या पहिल्या वर्षातच लय सांभाळायला घेतली तर हृदयविकारानं होणारे मृत्यू आणि स्ट्रोक कमी होतात. पण एको नॉर्मल असेल आणि कॉरोनरीचा आजार नसेल तर फ्लेकेनाइडसारखं औषध आधी, तेही कार्डिओलॉजिस्टला विचारून. अमिओडॅरोन थायरॉइड, लिव्हर, फुफ्फुस सगळीकडे हात घालतं. वॉरफरिनवरच्या पेशंटला लावलंत तर आयएनआर भडकतो. बेळगाव किंवा कोल्हापूरला ॲब्लेशनसाठी (नळीतून हृदयातली बिघडलेली जागा निकामी करायला) एकदा दाखवून आणायला सांगा. नंतरच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा धडधड झाली तर लगेच 'ऑपरेशन फुकट गेलं' म्हणू नका. आणि ॲब्लेशन छान झालं तरी रक्त पातळ करायची गोळी स्कोअरवरच ठरते.

एएफ कशामुळे उलटतंय तेही शोधा. थायरॉइड आणि पोटॅशियम बघितलंत का? घोरतात का, हे नवऱ्याला विचारा, बाई स्वतः कबूल करणार नाहीत. पुरुष पेशंट असता तर शनिवारच्या दारूच्या बैठकीचंही विचारलं असतं.

ईसीजीचा फोटो त्याच दिवशी मोबाइलवर काढून ठेवा. तो कागद पिशवीत वर्षभर राहिला की पांढरा पडतो, आणि पुढचा डॉक्टर म्हणतो एएफ होतं कशावरून.

क्रिएटिनिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आले की इथेच टाका, नाव खोडून.