दात दुखत नसताना डॉक्टरकडे कशाला जायचं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय 34, पाच वर्षांत दाताच्या डॉक्टरची पायरी चढलेली नाही, दुखत काहीच नाही, तरी बायको म्हणते दर सहा महिन्यांनी दाखवायला हवं, आणि तुम्हाला वाटतं हा सगळा धंदा आहे.

मी डॉक्टर नाही. गोव्यात फोंड्याला राहतो, आणि तुमचंच बोलणं मी बरीच वर्षं बोलत होतो. ते मला नऊ हजारांना पडलं.

खालच्या डाव्या दाढेत जेवताना शीत अडकायचं. काडीने कोरून काढायचं आणि विसरायचं, अशी दोन वर्षं गेली. दुखत नव्हतं, कारण दाताच्या वरच्या कवचाला, म्हणजे एनॅमलला, नसच नसते. कीड ते पोखरून खालच्या थरात उतरली की थंड झोंबायला लागतं, आणि नसेपर्यंत पोचली की मग झोप उडते. माझी उडाली ती नेमकी चतुर्थीत. दवाखाने बंद, घरात नेवऱ्यांचा ढीग, आणि मी दाढेत लवंग धरून सोप्यावर बसलेलो. पुढे रूट कॅनल, वर कॅप, चार फेऱ्या. डॉक्टर म्हणाले, शीत अडकायला लागलं तेव्हाच आला असता तर एका बैठकीत सिमेंट भरून मोकळे झाला असता. एनॅमल एकदा गेलं की परत उगवत नाही, त्यामुळे कीड लहान असतानाच ती कुणीतरी बघायला लागते. आरशात आपल्याला ती दिसत नाही. दोन दाढांच्या मधली तर एक्स-रेशिवाय डॉक्टरलाही सहजी दिसत नाही.

त्यानंतर मी बांबोळीच्या सरकारी डेंटल कॉलेजात जायला लागलो. विद्यार्थी तपासतात, वर सर येऊन बघतात. वेळ जातो, अर्धा दिवस धरूनच चला, पण तपासणी बारीक होते. पहिल्याच खेपेला एका मुलीने खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून आकडे सांगायला सुरुवात केली, दुसरी लिहून घेत होती: दोन, तीन, दोन, तीन, पाच. हे मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक, पाच म्हणजे हिरडी दातापासून सुटायला लागलीय. मला पत्ताच नव्हता. ब्रश करताना रक्त यायचं तेव्हा मी त्या जागी ब्रश लावणंच बंद केलं होतं, म्हणजे नेमकं उलटं.

खालच्या पुढच्या दातांच्या मागून जीभ फिरवून बघा. खरखरीत लागलं तर तो दगड. लाळेची नळी तिथेच जिभेखाली उघडते, म्हणून तिथे तो जास्त धरतो. दातावरचा चिकट थर रोज निघाला नाही की लाळेतल्या कॅल्शियममुळे काही दिवसांतच घट्ट होतो, मग ब्रशने निघत नाही, मशीनच लागतं. मशीनने दात ढिले होतात असं आमच्याकडे अर्धं गाव सांगतं. मलाही साफ केल्यावर दातांत फटी लागल्या, जीभ आठवडाभर तिथेच जात होती. पण त्या फटी आधीपासून होत्या, दगडाने बुजलेल्या. दगड आणि सूज गेल्यावर दिसल्या. मधुमेह असेल तर हे अजिबात टाळू नका. साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

आणि तपासणी फक्त दातांची नसते. माझी मावशी डिचोलीची, जन्मभर मशेरी लावलेली. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास मला अजून आठवतो. ती कवळीचं माप द्यायला गेली आणि डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहिला. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला नाही, पण अशा चट्ट्यातून तो होऊ शकतो, म्हणून मशेरी त्या दिवशी सुटली ती सुटलीच. कवळी नको असती तर ती गेलीच नसती. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायचं, एवढं घरच्या मोठ्यांना सांगून ठेवा.

आता धंद्याचं. सहा महिने हा आकडा सगळ्यांना सारखा लागू नाही, इथे तुमचं थोडं बरोबर आहे. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत मोठ्यांसाठी तीन महिने ते दोन वर्षं, ज्याच्या-त्याच्या धोक्यानुसार, असं आहे. हिरड्या धड, कीड नाही, तंबाखू नाही, तर वर्षा-दीड वर्षाने गेलात तरी चालेल. पण आपण कुठल्या गटात, हे ठरवायला एकदा तरी खुर्चीत बसायला लागतं, आणि तुमची पाच वर्षं झालीत.

बाकी बराचसा फायदा घरच्या बेसिनवरच आहे: रात्री फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, आणि नंतर थुंकून टाकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. मुलगा-मुलगी सहा वर्षांची असेल तर दुधाच्या दातांमागे येणारी नवी दाढ बघा. दात न पडताच ती येते, त्यामुळे लोक तिला दुधाची समजतात. ती कायमची असते.

जाल तेव्हा हिरड्यांचे आकडे विचारून लिहून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला ताडून बघता येतात. माझ्या त्या पाचाचे आता तीन झालेत.