‘साइड, साइड’ ओरडूनही लोक हलत का नाहीत?

“धावून आल्यावर लोक मोकळे होतात, हा रोज भांडूनच येतो.” नवऱ्याला समुपदेशनाला घेऊन आलेल्या बायकोचं हे पहिलं वाक्य. तो अडतिशीच्या आसपासचा, पणजीत नोकरी करणारा. हाफ मॅरेथॉनची, म्हणजे 21.1 किलोमीटरची तयारी चालू होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) संध्याकाळी ऑफिस सुटलं की मिरामार ते कला अकादमी, मांडवीच्या कडेने धावायचं. त्याच आठवड्यात एका निवृत्त शिक्षिकेला त्याचं कोपर लागलं. बाई कठडा धरून सावरल्या, पण त्यांचे यजमान भडकले. “फुटपाथ काय तुमच्या बापाचा आहे?” असं याने ऐकवलं आणि घरी येऊन मुलांवर डाफरला. त्याला एकच हवं होतं: चूक कोणाची, तेवढं सांगा.

धावणारे आणि चालणारे, दोघंही हीच तक्रार घेऊन येतात. पण पहिल्याच भेटीत चूक ठरवायला बसलं की उरलेला तास वकिली करण्यात जातो. म्हणून आधी घडलेलं क्रमाने सांगायला लावायचं. तुम्ही काय म्हणालात? “साइड, साइड.” किती अंतरावरून? “असेल दोन मीटर.”

इथे थोडं गणित करावं लागतं. त्याचा वेग किलोमीटरला सहा मिनिटं, म्हणजे ताशी 10 किलोमीटर. सावकाश चालणारा ताशी 4. दोघांतलं अंतर सेकंदाला साधारण 1.7 मीटरने कमी होतं. दोन मीटरवरून हाक दिली तर समोरच्याच्या हातात जेमतेम एक सेकंद उरतो, दहा मीटरवरून दिली तर सहा. एका सेकंदात माणूस विचार करत नाही, दचकतो. खांदे वर जातात, मान आत जाते आणि अंग आवाजाच्या दिशेला वळतं. हा डावीकडून ओरडला, बाई डावीकडे वळल्या, म्हणजे थेट त्याच्या कोपरावर. त्याच्या डोक्यात मात्र “मुद्दाम आडव्या आल्या” असं पक्कं बसलं होतं.

शिवाय ‘साइड’ हा शब्दच अपुरा आहे. कोणती साइड, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. त्यापेक्षा आपण काय करणार ते सांगावं: “काकी, मागून येतोय, उजवीकडून जातो. तुम्ही चालत राहा.” यात काकींना काहीच ठरवावं लागत नाही. दहा मीटरवरून एकदा, प्रतिसाद नसेल तर वेग कमी करून पुन्हा एकदा. आवाज मोठा असला तरी किंचाळता नको. वय वाढतं तसा आधी उंच पट्टीचा आवाज ऐकू येईनासा होतो, त्यामुळे शिट्टी किंवा चिरका स्वर सत्तरीच्या माणसापर्यंत नीट पोचेलच असं नाही. टाळी वाजवणं, खांद्याला हात लावणं तर नकोच.

तो यावर म्हणाला, “पण वेग मोडतो ना!” खरी गाठ इथे होती. मनगटावरच्या घड्याळात पेस, म्हणजे धावण्याचा वेग, घसरलेला दिसला की कुणीतरी खिशात हात घातल्यासारखं त्याला वाटायचं. धावताना छाती धडधडत असते, श्वास चढलेला असतो. रागातही शरीर असंच असतं, मनाला फक्त निमित्त लागतं. त्याला आठवडाभराची वही दिली. अडथळा आला की घरी येऊन तीन गोष्टी लिहायच्या: कुठे, डोक्यात कोणतं वाक्य आलं, राग दहापैकी किती. वहीतून कळलं की राग सात-आठवर जातो तो वेगाच्या सरावाच्या दिवशी. सावकाश धावण्याच्या दिवशी तीच गर्दी असूनही तो तीनच्या पुढे जात नव्हता.

मग उपाय सोपा झाला. वेगाचा सराव पहाटे अंधार सरता सरता, किंवा आल्तिनोच्या जॉगर्स पार्कात. ओहोटीला मिरामारची ओली, घट्ट वाळूही चालते. संध्याकाळी फुटपाथवर फक्त सावकाश धावणं, घड्याळावर पेसऐवजी नुसती वेळ. इअरफोन एकाच कानात. गर्दीचा टप्पा आला की चालायचं, चार अंकांत श्वास आत, सहा अंकांत बाहेर.

चूक कोणाची, या प्रश्नाचं उत्तरही त्याला शेवटी सरळच दिलं: ज्याचा वेग जास्त, त्याची जबाबदारी जास्त. 1.8 मीटर रुंदीच्या फुटपाथवर दोघं हात हलवत बरोबर चालले की सव्वा ते दीड मीटर तिथेच संपतो. उरलेल्या जागेत तुमचे खांदे मावले तर जेमतेम, मग कोपरं कुठून मावणार? थांबा, किंवा मागे वळून गाड्या बघून मगच रस्त्यावर उतरा. दोघांच्या मधून, आई आणि मुलाच्या मधून, कुत्रा आणि त्याच्या दोरीमधून तर कधीच जायचं नाही. पावसाळ्यात झाडाखालच्या फरशांवर शेवाळ धरतं. तिथे ऐनवेळी बाजूला उडी मारणारा स्वतःच आडवा होतो.

धक्का लागलाच तर थांबायचं. हात वर करून “सॉरी” म्हणत पुढे पळणं समोरच्याला अपमानासारखं लागतं. वयस्कर माणूस पडला असेल तर बखोटीला धरून लगेच उठवू नका. आधी विचारा: कंबर, मनगट, डोकं, कुठे दुखतंय? पायावर भार देता येत नसेल तर हलवू नका, 108 ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर वरून ठीक दिसलं तरी डॉक्टरांकडे न्यायचंच. माफी मागताना ‘पण’ घालू नका. “माझं कोपर लागलं, मी जवळून गेलो” इतकं पुरतं. हे त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावं लागलं. पहिल्या तीन वेळा ‘पण तुम्हीही’ आलंच.

त्या बाईंसारख्यांचं दुखणं वेगळं. एकदा दचकल्या की फिरायला जाणं बंद होतं, पायांतली ताकद कमी होते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. अशा वेळी “भिऊ नका” म्हणून काही होत नाही. पहिला आठवडा सोबत कुणीतरी आणि कमी गर्दीची दहा मिनिटं, दुसऱ्या आठवड्यात पंधरा, मग हळूहळू नेहमीचा रस्ता. एका सरळ रेषेत चालावं, फोन आला तर कडेला थांबून घ्यावा. चौघींनी हारीने चालायची हौस असेल तर ती मिरामारच्या वाळूवर भागवावी.

तो त्या जोडप्याला पुन्हा भेटला, माफी मागितली. यजमानांनी फक्त मान हलवली, बोलले नाहीत. त्याला ते लागलं, तरी त्या दिवशीच्या वहीत राग दोन होता. रविवार संध्याकाळ अजून त्याला जमत नाही, म्हणून त्या दिवशी तो धावायलाच जात नाही.