३२००जी ओव्हरक्लॉक करायचाय? आधी रॅमची दुसरी स्टिक घ्या

तुम्ही विचारलंय: रायझन ३ ३२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, रॅमची ८ जीबीची एकच स्टिक (वेग २६६६), कूलर प्रोसेसरच्या बॉक्समध्ये आलेलाच. ग्राफिक कार्डाला पैसे नाहीत. ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवलं, तर गेम सुधारतील का, आणि प्रोसेसर जळेल का?

जळणार नाही. हे आधी सांगतो, कारण आमच्या घरी "यानं कॉम्प्युटर जाळला होता" हे वाक्य दर दिवाळीत फराळासोबत येतं, आणि तो "जळालेला" कॉम्प्युटर अजून चालतोय. हे उत्तर त्याच्यावरच टाइप करतोय.

२०१८ साली मी २२००जी घेतला, तुमच्या ३२००जीचा थोरला भाऊ. तेव्हा क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक कार्डांचे भाव आभाळाला नेलेले आणि रॅमही सोन्यासारखी महाग. ९९ डॉलरच्या प्रोसेसरमध्येच व्हेगा ८ ग्राफिक्स मिळतंय म्हटल्यावर आमच्यासारख्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. मला ४-४ जीबीच्या दोन स्टिक हव्या होत्या. अकोल्याहून नागपूरला सीताबर्डीत खरेदीला गेलो, सोबत भाऊजी. भाऊजी शाळेत शिक्षक, आणि घरात जावयाचा शब्द म्हणजे शेवटचा. ते म्हणाले, "आठ म्हणजे आठ. एका डब्यात घे का दोन डब्यांत घे. एकच घेतली तर पुढं वाढवता येते." दुकानदारानं मान डोलावली. २४०० ची एक स्टिक पिशवीत पडली.

आता हिशेब बघा. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तुमच्या रॅममधूनच सगळं ओढावं लागतं. २४०० ची एक स्टिक सेकंदाला १९.२ जीबी देते, दोन लावल्या की ३८.४. जीटी १०३० सारख्या साध्या कार्डालाही ४८ मिळतात. त्याच कार्डाची साधी डीडीआर४ मेमरी लावलेली आवृत्ती आली, तिला १६.८ च मिळायचे, आणि लोकांनी तिला धू धू धुतलं. नाव तेच, फक्त मेमरी बदललेली. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार बसवायची आणि पाइप अर्धा इंची टाकायचा, तशातली गत.

पण हे भाऊजींना कोण सांगणार? गेम अडखळायला लागला तेव्हा मी वेड्यासारखा प्रोसेसरच्या मागे लागलो. चार रात्री जागून सगळे कोअर ३.९ गिगाहर्ट्झवर नेले. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्होल्टेज १.४ वर, मग १.४२५, मग १.४५. जीटीए फाइव्ह गेम सेकंदाला ३४ फ्रेमवर चालत होता तो ३६ वर गेला. दोन फ्रेम! त्या दोन फ्रेमसाठी कूलरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा. आईला म्हटलं, मोठा कूलर घ्यावा लागेल. आई म्हणाली, "एक आहे नं खिडकीत."

जानेवारीत सगळं सुरळीत चाललं. मग एप्रिल आला. अकोल्याचा एप्रिल. एक मे ला निकाल लागायचा म्हणून भाऊजी आमच्याकडे बसून एक्सेलमध्ये निकालपत्रकं भरत होते. खिडकीतल्या कूलरची टाकी कोरडी पडलेली, तो नुसती गरम हवा आत फेकत होता. दुपारी साडेतीनला खट्‌कन आवाज आणि स्क्रीन काळी. दीड तासाचं काम. एक्सेलनं नंतर बरंचसं परत आणलं, पण सातवी ब अर्धीच. प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढे गेला आणि स्वतःला वाचवायला बंद झाला, एवढंच. अर्ध्या तासानं बटण दाबलं तर चालू. बायोस डिफॉल्टवर आणलं आणि विषय संपला. माझ्यासाठी. भाऊजींसाठी तो "जळला" तो जळलाच.

त्या वर्षी रॅमचे भाव उतरले. दिवाळीत माझ्या पैशानं तसलीच दुसरी स्टिक आणली, प्रोसेसरला हातही लावला नाही. तोच गेम, तेच सेटिंग, ४९ फ्रेम. भाऊजींना मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाले, "मग? मी म्हटलंच होतं, पुढं वाढवता येते."

तर तुमचं उत्तर: पैसे आहेत तर दुसरी स्टिक घ्या, तीही शक्यतो तुमच्या आहे तशीच. बोर्डाला चार स्लॉट असतील तर शेजारीशेजारी लावू नका, एक सोडून एक लावा. ३२००जी मुळातच स्वतःहून ४.० गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट होतो, तो हातानं ४.१ वर नेऊन गेममध्ये काय दिवे लागणार? ओव्हरक्लॉकची खाज असेलच तर ग्राफिक्सचा क्लॉक वाढवा. मूळ १२५० मेगाहर्ट्झ आहे, थोडा थोडा चढवत न्या, एसओसी व्होल्टेज (ग्राफिक्सला मिळणारं) १.२ च्या वर नको. तिथं खरंच फरक दिसतो, पण दुसरी स्टिक लावल्यावरच.

रॅमचा वेगही वाढवता येतो. जमलं नाही तर स्क्रीन येणारच नाही, घाबरू नका, सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर येतं. जास्त धोका अर्धवट जमलेल्या वेगात आहे. कॉम्प्युटर चालतोय असं वाटतं आणि आतल्या आत फाइली खराब होतात, म्हणून रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावल्याशिवाय त्यावर कामाचं काही ठेवू नका. आणि हो, ओव्हरक्लॉकनं वॉरंटी जाते, हे वर लिहायचं राहिलं. ३२००जीच्या झाकणाखाली उष्णता वाहून न्यायला पेस्ट आहे, सोल्डर नाही, त्यामुळे महागडा कूलर लावूनही उष्णता बेताचीच उतरेल.

आणखी एक. त्या दुपारी मी मागे एका लग्नाचा व्हिडिओ रेंडरिंगला लावून पाण्याचे कॅन आणायला गेलो होतो. चारही कोअर शंभर टक्क्यांवर. एक्सेलनं कशाला तापणार होता तो? हे भाऊजींना अजून माहीत नाही.