दादानं हसणारी इमोजी टाकली

‘सख्खा भाऊ. तो आधीपासूनच असा होता आणि मलाच कळलं नाही, की आता असा झाला?’

समुपदेशनासाठी आलेल्या ३८ वर्षांच्या त्या बाईंनी खुर्चीत नीट टेकायच्या आतच हा प्रश्न टाकला. त्यांना पटणाऱ्या विचारांचा एक मोठा वक्ता भर सभेत मारला गेला होता. बातमीला वीस मिनिटंही झाली नव्हती, तोवर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर थोरल्या भावानं हसणारी इमोजी टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘एक कमी.’ बाईंनी गट सोडला, भावाचा नंबर ब्लॉक केला. त्यानंतरचे अकरा दिवस रात्री दोन-अडीचपर्यंत त्या अनोळखी लोकांच्या प्रतिक्रिया वाचत होत्या. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींच्या हकिकती इथे एकत्र केल्या आहेत.)

हीच तक्रार समोरच्या बाजूचे लोकही घेऊन येतात, शब्दसुद्धा तेच. अमेरिकेत १४ जून २०२५ रोजी मिनेसोटातल्या डेमोक्रॅट लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची हत्या झाली. तीन महिने होण्याआधीच, १० सप्टेंबरला, युटामधल्या एका विद्यापीठाच्या आवारात उजव्या विचारांचे राजकीय कार्यकर्ते चार्ली कर्क मारले गेले. संशयित हाती लागण्याआधीच दोन्ही वेळा ‘मारेकरी त्यांच्यातलाच’ असं सांगणारे हजर होते आणि थट्टा करणारेही. अदलाबदल झाली ती फक्त बाजूंची.

पहिल्या भेटीत भावाचा विषय मुद्दामच बाजूला ठेवला. झोप उडालेल्या माणसानं नात्याचा निर्णय घेऊ नये. ठरलं ते एवढंच: फोन रात्री दहानंतर झोपण्याच्या खोलीबाहेर. बातम्या दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं आणि फक्त वाचायच्या. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद, कारण खुनाची चित्रफीत नको असताना समोर येते आणि मग डोळ्यांपुढून हलत नाही. मृत व्यक्तीचं आणि संशयिताचं नाव १४ दिवसांसाठी म्यूट. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर झालेल्या अभ्यासात, पुढचा आठवडाभर रोज सहा किंवा जास्त तास त्या बातम्यांत घालवणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष जागेवर असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती. हे सांगितल्यावर बाईंनी मान डोलावली आणि घरी जाऊन लॅपटॉपवर वाचत बसल्या. असं बहुतेकांचं होतंच. दुसऱ्या आठवड्यात लॅपटॉपही खोलीबाहेर गेला, तेव्हा कुठे साडेपाच तास झोप लागली.

दुसऱ्या भेटीत त्यांनी फोन पुढे केला. त्यात ४३ स्क्रीनशॉट होते. ‘हे बघा, काय लोक आहेत!’ अशा वेळी ते वाचून ‘अरेरे’ म्हणण्याचा मोह समुपदेशकालाही होतो आणि तो आवरावा लागतो. त्याऐवजी कागदावर तीन रकाने आखले: कुणी लिहिलं, ती व्यक्ती माहितीतली आहे का, आणि हे माझ्यापर्यंत कुणी पोचवलं. मोजायला अर्धा तास गेला. ओळखीची माणसं दोन, भाऊ आणि एक जुना सहकारी. उरलेले ४१ अनोळखी, त्यांतली कितीतरी खाती बिननावाची. खरी गंमत तिसऱ्या रकान्यात होती. ३४ स्क्रीनशॉट बाईंनी मूळ ठिकाणी पाहिलेच नव्हते. त्यांच्याच विचारांच्या लोकांनी ‘बघा ही माणसं’ म्हणून ते फिरवले होते. समोरच्यांचं सर्वांत हिडीस वाक्य आपल्यापर्यंत बहुतेक वेळा आपलीच माणसं आणतात, कारण त्यावर हमखास दाद मिळते. आणि दाद मिळाली की सवय लागते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ७,३३१ लोकांच्या १ कोटी २७ लाख ट्वीट्सच्या अभ्यासात दिसलं की संतापाच्या ट्वीटला जास्त लाइक मिळाले, तर तीच व्यक्ती पुढे आणखी संताप व्यक्त करण्याची शक्यता वाढते. शिवाय समोरची बाजू हिंसेचं समर्थन किती करते, याचा आपला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच फुगलेला असतो, हेही अमेरिकेतल्या पाहण्यांतून दिसलं आहे.

पण याने भावाचं वाक्य पुसलं जात नाही. ४३ पैकी छळत होतं ते तेवढंच एक. त्यातला नेमका कुठला शब्द टोचतो, असं विचारल्यावर बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘कमी. एक कमी म्हणजे बाकीचे मोजलेत ना? मग त्या मोजणीत मीही आहे का?’

इथे गाठ सुटायला लागली. तोवर त्या ‘किळस’, ‘संताप’ असे शब्द वापरत होत्या. आत भीती होती. गटासाठी लिहिलेलं वाक्य मृत माणसाबद्दल क्वचितच असतं. लिहिणारा आपल्या लोकांना सांगत असतो की मी तुमच्यातलाच. हे सगळं भावंडांच्या देखत चाललंय, याचं भान त्या क्षणी नसतं. हे समर्थन नव्हे. पण ‘तो आतून असाच होता का’ या प्रश्नाचं उत्तर त्या दोन शब्दांत शोधू नये, एवढं यातून निघतं.

तिसऱ्या भेटीला बाई स्वतःहून एक जुना संदेश घेऊन आल्या. सात महिन्यांपूर्वी समोरच्या बाजूच्या एका नेत्याचा खून झाला, तेव्हा त्यांनी त्याच गटावर लिहिलं होतं, ‘पेरलं ते उगवलं.’ ‘मला ते विश्लेषण वाटलं होतं,’ त्या म्हणाल्या. दादानं त्यावर काहीच लिहिलं नव्हतं. दोन्ही वाक्यं सारखीच, असा निवाडा आम्ही दिला नाही. तो द्यायचाही नसतो, नाहीतर पुढची सगळी भेट तराजू धरण्यात जाते.

मग भावाशी बोलायचं ठरलं. पहिला प्रयत्न फसला. बाईंनी रात्री बसून चांगला दोन पानांचा संदेश लिहिला आणि पाच स्क्रीनशॉट जोडले. पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘तुमचे लोक काय बोलले ते पण बघ,’ आणि खाली तीन स्क्रीनशॉट. पुरावा पाठवला की पुरावाच परत येतो. शिवाय ‘तुम्ही लोक’ हा शब्द तिच्याच संदेशात सहा वेळा होता. तो दिसला की वाचणारा भाऊ राहत नाही, प्रवक्ता होतो.

दुसरा संदेश भेटीतच तयार केला. चार ओळी, एकही स्क्रीनशॉट नाही, गटावर नाही, दिवसाउजेडी पाठवायचा: ‘दादा, त्या दिवशी तू एक कमी लिहिलंस. ते वाचून मला तुझी भीती वाटली. मीही मागे एकदा असंच लिहिलं होतं, तेही मनात आहे. रविवारी वीस मिनिटं फोन करू?’ फोनवर दोन गोष्टी टाळायच्या होत्या: मारेकरी कुणाचा होता, आणि मेलेला माणूस चांगला होता की वाईट. त्यात शिरलं की वीस मिनिटं पुरत नाहीत, वीस वर्षंही.

(भावाच्या जागी एखादा माणूस नाव घेऊन ‘आता अमक्याचा नंबर’ म्हणत असता, हत्यार किंवा पत्ता यांबद्दल बोलत असता, तर संवादाचा प्रश्नच नव्हता. तो संदेश जपून ठेवायचा आणि पोलिसांना कळवायचं. आणि झोप, भूक, कामातलं लक्ष महिनाभरानंतरही जागेवर आलं नाही, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं.)

फोन चौदा मिनिटं चालला. बाईंनी मोजणीचा प्रश्न विचारला तेव्हा भाऊ गोंधळलाच. ‘तू? तुझा काय संबंध त्यात?’ तिचं मत त्याला पुरतं ठाऊक होतं, पण ते लिहिताना ती डोळ्यांपुढे आलीच नव्हती. वक्त्याबद्दलचं त्याचं मत जसंच्या तसं राहिलं.

संदेश सर्वांसाठी डिलीट करण्याची साधारण अडीच दिवसांची मुदत केव्हाच संपली होती. म्हणून त्यानं गटावर नवीन ओळ लिहिली, ‘ते तसं लिहायला नको होतं.’ त्यावर त्याच्याच बाजूच्या एका नातेवाइकानं लगेच विचारलं, ‘का, घाबरलास काय?’ बाईंना तोवर कुणीतरी गटात परत घेतलं होतं. त्यांनी तिथे काही लिहिलं नाही. दादाला फोन लावला.