जे घरात आहे, ते विद्यापीठात कशाला शिकायचं?

"मॅडम, आईच्या पोटात असल्यापासनं ह्याच्या कानावर संबळ पडतोय. आन् आता म्हणतो, तेच शिकायला मुंबईला जातो. तुम्हीच सांगा ह्याला काहीतरी."

वडील बोलत होते. मुलगा मान खाली घालून बसला होता. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजच्या मुलांचं समुपदेशन करते, तिथली ही केस. कुटुंबाने लिहायला परवानगी दिली आहे, तरी नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिते अशासाठी, की दर मे-जूनमध्ये हाच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे येतो. कुणाच्या मुलीला लोकसंगीतात पदवी हवी असते, कुणाच्या मुलाला ढोलकी. आईवडील विचारतात, हे शिकून पोट भरेल का? आणि जे गावात, घरात मिळतं त्यासाठी विद्यापीठ कशाला?

हे घर गोंधळ्यांचं. वडील नायक, चुलते संबळावर, तुणतुण्याला घरचाच एक भाऊ. लग्नसराईत सुपाऱ्या, म्हणजे आगाऊ ठरवून बोलावलेले गोंधळ, एरवी दुसऱ्याच्या शेतात काम. मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत, कलिनाला, पदव्युत्तर शिक्षणासाठी जायचं होतं. वडिलांचं म्हणणं, उंची आहे, छाती आहे, पोलीस भरतीची तयारी कर.

पहिल्या भेटीत मी चूक केली. प्रश्न पैशाचा आहे असं धरून मी माहिती द्यायला लागले. गोंधळी समाज भटक्या जमाती (ब) मध्ये येतो, त्यामुळे महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येईल, वसतिगृहासाठी प्रयत्न करता येईल, वगैरे. वडील ऐकत राहिले. शेवटी "बरं" म्हणाले आणि उठले. त्या "बरं"मध्ये होकार नव्हता, हे ते दाराबाहेर गेल्यावर मला कळलं. पुढच्या वेळी मी दोघांना वेगवेगळं बोलावलं.

वडील आधी आले. पाऊसपाण्याचं बोलणं झालं, मग त्यांनी लहानपणीचं एक सांगितलं. नवरात्रात आजोबांबरोबर ते दारोदार जायचे. एका दारात त्यांच्याच वर्गातला मुलगा उभा होता. आतून बाईने विचारलं, कोण आहे? मुलाने उत्तर दिलं, "कोणी नाही, मागायला आलेत." त्या दिवशी ते तुणतुणं घेऊन गोठ्याच्या भिंतीआड उभे राहिले, पुढच्या घरी गेलेच नाहीत.

"सुपारीचा गोंधळ असला की पाटावर बसवतेत, पाया पडतेत. दुसऱ्या दिवशी त्याच दारात गेलो की मागतकरी. पोरगं एम.ए. होऊन बी त्याच दारात उभं राहणार असंल, तर नको मला."

म्हणजे त्यांना कला नको होती असं नाही. त्यांना ते दार नको होतं. पोलीस भरतीचा आग्रह तिथून आला होता. खाकी घातलेल्या माणसाला कोणी "मागायला आलेत" म्हणत नाही.

मुलाचं दुखणं निराळंच निघालं. कॉलेजकडून तो युवक महोत्सवात लोकवाद्यवृंदात वाजवायला गेला होता. वादन झाल्यावर परीक्षकांनी विचारलं, आत्ता वाजवलंस तो कुठला ताल, किती मात्रांचा? त्याला सांगता आलं नाही. शेजारी शहरातल्या कॉलेजचा मुलगा होता. वाजवायला बेताचाच, पण त्याने सगळं धडाधड सांगितलं. "मला नुसतं वाजवता येतं, मॅडम. मी काय वाजवतो ते मला माहीत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि खरं सांगायचं तर सगळं वाजवताही येत नाही. अर्धंच येतं." विद्यापीठात गेलो तर वर्गात आपल्याला दाखवायला उभं करतील, हा बघा खरा गोंधळी, आणि पुढचं विचारलं की आपण गप्प, अशी त्याला धास्ती होती. शिकायचीही ओढ, जायचीही भीती.

मी त्याला एक वही दिली. गोंधळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने लिहून आण म्हटलं, जे येत नाही तिथे जागा कोरी सोड. आठवड्याने दोन पानं भरून आली. चौक मांडणं, दिवटी पेटवणं, आवाहन, गण, जोगवा, आख्यान, आरती. आवाहनाखाली देवदेवतांची नावं होती, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, अशी एकोणीस. त्याखाली बरीच जागा कोरी.

त्या दिवशी वडीलही आले होते. त्यांनी वही हातात घेतली, बोट ठेवत वाचली आणि विचारलं, "ह्यात वाटंवरचे देव कुठायत?"

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्या लहानशा खोलीत वडिलांनी हलक्या आवाजात आवाहन म्हणायला सुरुवात केली. गावोगावचे देव येत होते. शिवेवरचे, नदीकाठचे, ज्या गावांची नावं मी याच तालुक्यात इतकी वर्षं राहून ऐकली नव्हती अशा गावांचे. "गोंधळाला यावं" प्रत्येक वेळी थोडं वेगळ्या जागी पडत होतं. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, कोणी हललं नाही. बराच वेळ चाललं ते. मी लिहून घ्यायचा प्रयत्न केला, आणि मग पेन खाली ठेवलं.

संपल्यावर मुलाने विचारलं, "दादा, हे मला कधी शिकवलं नाही तुम्ही."

"मुद्दामच नाही शिकवलं. पुरतं आलं असतं तर ह्यातच राहिला असता तू."

या कामात मला बरीच वर्षं झाली, पण एवढं थेट उत्तर फार कमी वेळा ऐकलंय. मुलगा निसटावा म्हणून बापाने विद्या हातची राखली होती, आणि मुलाला वाटत होतं की आपल्याला ती पेलणार नाही म्हणून देत नाहीत. दोघंही एकमेकांच्या भल्यासाठी गप्प. त्या तासाभरात माझं फारसं काम नव्हतं, आणि खरं तर सगळं काम तिथेच झालं.

पुढच्या भेटींत आम्ही विद्यापीठाबद्दल बोललो. "जगात कुठं गाण्याबजावण्याचं असं शिकवतेत का?" वडिलांनी विचारलं. शिकवतात. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत 1983 साली लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. कांतेले नावाचं त्यांचं तंतुवाद्य तिथे पदवीसाठी वाजवतात. आयर्लंडमध्ये लिमरिक विद्यापीठात 1994 पासून असं केंद्र आहे. फिनलंडमध्ये घरात शिकण्याची वाट बऱ्याच ठिकाणी तुटली, म्हणून मुलं जुन्या वादकांची संग्रहातली ध्वनिमुद्रणं ऐकून ऐकून चाल उचलतात. हे सांगितल्यावर मी वडिलांना म्हटलं, त्यांना टेपवर शोधावा लागतो तो माणूस तुमच्या घरात बसलेला आहे. विद्यापीठ ते काम करू शकत नाही. रात्र रात्र जागून दिवटीच्या उजेडात जे अंगात मुरतं, ते तासिकेत येत नाही. पण आपण काय करतो हे शब्दांत मांडणं, लिहिणं, शाहिरी, भारूड, जागरण, लावणी अशा शेजारच्या कलांशी रोज गाठ पडणं, माइकपुढे आणि मंचावर उभं राहणं, आपल्या कलेचं मोल ठरवताना मान वर ठेवणं, हे घरात मिळणं कठीण. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळ मोठ्या मंचावर नेला हे वडिलांना ठाऊकच होतं. त्यांचं नाव निघताच त्यांनी कानाला हात लावला.

पोटापाण्याचं मी गोड करून सांगितलं नाही. लोककलेच्या प्राध्यापकाच्या जागा मोजक्या असतात. त्यासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये लोकसाहित्य हा विषय आहे, पण तो नुसत्या वादनावर सुटत नाही, वाचावं लागतं. आकाशवाणीची ऑडिशन, नाटकांना आणि चित्रपटांना संगीताची साथ, सांस्कृतिक कार्य संचालनालयाचे महोत्सव आणि प्रशिक्षण शिबिरं, शाळांमधलं शिकवणं, असं चार ठिकाणचं जोडून महिना उभा करावा लागतो. ज्याला दर एक तारखेला ठरलेली रक्कम हवीच आहे, त्याने हा रस्ता दुसऱ्या पदवीच्या जोडीने धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाला मी बी.ए.चे गुण सांभाळायला लावले ते याच कारणाने.

प्रवेशाआधी त्याने अकादमीत जाऊन यावं असा मी आग्रह धरला. प्रत्यक्ष वादनाचे तास किती, शिकवायला कलावंत येतात का, हजेरीची अट काय, हे तिथे बसून विचारायचं. हजेरीचा मुद्दा आमच्याकडे फार महत्त्वाचा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, सुपाऱ्या सुरू, आणि घरातला एक हात मुंबईत. कोणत्या महिन्यात किती रात्री घरी यायचं ते बापलेकांनी माझ्यासमोर कॅलेंडरवर खुणा करून ठरवलं. भांडण होण्याआधी असं कॅलेंडर समोर ठेवावं, हे मी आता प्रत्येक घराला सांगते.

केंद्र सरकारची तरुण कलावंतांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. वय 18 ते 25, दोन वर्षं, दरमहा 5000 रुपये, आणि त्यात लोककलाही येतात. त्याचा अर्ज भरताना गुरूचं नाव लिहायची वेळ आली. मुलाने वडिलांचं नाव लिहिलं. वडिलांनी कागद जवळ ओढून पाहिला. "हितं माझं?" त्यांनी दोनदा विचारलं. मग सही करायच्या आधी हात धुऊन येतो म्हणाले आणि खरोखरच बाहेरच्या नळावर हात धुऊन आले.

ती शिष्यवृत्ती त्या वर्षी मिळाली नाही. प्रवेश मिळाला, भटक्या जमातीची शिष्यवृत्ती उशिरा का होईना आली. पहिलं सत्र वाईट गेलं. लेखी पेपरात तो मागे पडला, खोलीतल्या मुलांचं बोलणं त्याला तुटक वाटायचं, दिवाळीत परत येतो म्हणून त्याने मला फोन केला. मी त्याला राहा असंही म्हटलं नाही, ये असंही नाही. वहीतल्या कोऱ्या जागा किती भरल्या एवढंच विचारलं. म्हणाला, निम्म्या.

मग एक गंमतीचा फोन आला. वर्गात दुसऱ्या जिल्ह्यातल्या गोंधळी घरातला एक मुलगा होता. त्याने जांभूळ आख्यान, गोंधळात सांगतात ती द्रौपदीची कथा, म्हटलं आणि ते आमच्या या मुलाच्या घरच्यासारखं नव्हतं. प्रसंगांचा क्रम वेगळा, चाल वेगळी. दोघांची जुंपली, कोणाचं खरं? रात्री साडेदहाला मुलाने वडिलांना फोन लावून स्पीकरवर ठेवलं. वडिलांनी आधी दुसऱ्या मुलाचं संपूर्ण ऐकून घेतलं, त्याच्या आजोबांचं नाव विचारलं, मग स्वतःचं म्हटलं. होस्टेलच्या खोलीत बाकीची मुलं गोळा झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शिक्षकांनी दोन्ही पाठ लिहून आणायला सांगितले. तो त्याचा पहिला लेखी अभ्यास, ज्यात त्याला चांगले गुण मिळाले.

आता तो सुट्टीत आला की वडिलांचं आवाहन रेकॉर्ड करतो. आधी विचारून, आणि जे वडील नको म्हणतात ते सोडून. काही भाग देवापुढेच म्हणायचा असतो. तो फोनमध्ये जायचा नाही, हे घरात ठरलेलं आहे आणि मला ते योग्य वाटतं.

गेल्या महिन्यात वडील एकटेच आले. धाकटी मुलगी बारावीला आहे. भाऊ नसताना ती चुलत्यांच्या संबळावर हात चालवते, हे त्यांनी अलीकडेच पाहिलं. "आमच्यात बायका वाजवत नाहीत, मॅडम," ते म्हणाले. मी काही बोलले नाही. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. हात चांगला पडतो तिचा, असं म्हणाले, आणि तिला कधी घेऊन येऊ ते विचारलं. गुरुवारची वेळ दिली आहे.