एक्सेलच्या यादीतून लेबल छापताना बॅच, तारीख आणि बारकोड चुकू नयेत म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मसाल्यांचे १४ प्रकार, एक्सेलची यादी, २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके) थर्मल ट्रान्सफर प्रिंटर (रिबन तापवून छापणारा), ५० बाय ७५ मिलिमीटरचं लेबल. दर खेपेला कुठे एक्स्पायरी भलतीच, कुठे बॅच नंबर गायब, कुठे बारकोड दुकानात वाचलाच जात नाही. तर प्रिंटर बदलावा का?

प्रिंटर बदलू नका. पहिल्या दोन चुका प्रिंटरपर्यंत पोचायच्या आधीच यादीत झालेल्या असतात आणि तिसरी बहुतेक वेळा डिझाइनमधली असते.

एक्सेलला अंक दिसले की तो त्यांना हिशेबाचा आकडा समजतो. ८९०१२३४५६७८९० हा बारकोड साध्या जनरल खान्यात टाकला की तो ८.९०१२३ई+१२ असा दिसायला लागतो. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) म्हणून सेव्ह केली की डोळ्यांना जे दिसतंय तेच लिहिलं जातं, मूळ अंक गेले ते गेलेच. १४ अंकी एफएसएसएआय (खाद्यपदार्थांच्या) लायसन्स नंबरचंही तेच. सुरुवातीची शून्यं उडतात. बॅच नंबर १२ई५ ठेवला तर त्याचे बारा लाख होतात, आणि महिन्याचं इंग्रजी लघुरूप आणि आकडा असा ठेवला तर त्याची तारीख होते. म्हणून बॅचमध्ये ई हे अक्षर आणि महिन्यांची नावं टाळा. हे सगळे कॉलम टायपिंग सुरू करायच्या आधी टेक्स्ट करा, नंतर करून उपयोग नाही. सीएसव्ही तपासायची तर नोटपॅडमध्ये. डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलीत की पुन्हा तीच मोडतोड.

आता एक्स्पायरी. काँप्युटरची रीजन सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०७/२०२५ ही तुमची ५ जुलै त्याच्या लेखी ७ मे असते. पॅकिंगची तारीख जशी टाइप केली तशीच दिसते, त्यामुळे शंका येत नाही. सहा महिने मिळवणारा फॉर्म्युला मात्र ७ नोव्हेंबर काढतो आणि तो ११/०७/२०२५ असा छापतो. गिऱ्हाईक वाचणार ११ जुलै, म्हणजे पॅक केल्यावर सहा दिवसांत माल बाद! १३ तारखेपासून पुढे मात्र सरळ एरर येतो, कारण तेरावा महिना नसतो. ‘कधी बरोबर, कधी चूक’ असं जे तुम्हाला वाटतंय, ते बहुधा यामुळेच. रीजन ‘इंग्लिश इंडिया’ करा, महिना अक्षरांत छापा, आणि सहा महिन्यांसाठी १८० दिवस न मिळवता महिने मिळवणारं ईडेट फंक्शन वापरा. तारखेचा कॉलम खऱ्या तारखेचाच असू द्या. फॉर्म्युल्याचा कॉलम चुकून टेक्स्ट केलात तर उत्तराऐवजी फॉर्म्युलाच छापून येईल.

बॅच गायब होण्याचं कारण वेगळं आहे. लेबलचं सॉफ्टवेअर एक्सेल फाइल थेट वाचतं तेव्हा मधला ड्रायव्हर (दोघांना जोडणारा छोटा प्रोग्राम) सहसा पहिल्या आठ ओळी बघून कॉलम आकड्यांचा की अक्षरांचा हे ठरवतो. पहिल्या आठ बॅच १०१, १०२ अशा असल्या आणि नववी १०९अ असली, तर ती जागा कोरी येते. एररसुद्धा येत नाही. सगळ्या बॅचना सुरुवातीला अक्षर द्या, किंवा यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट ठेवणाऱ्या) सीएसव्हीवरून छापा. एक्सेलमध्ये फिल्टर लावून लपवलेल्या ओळी हा ड्रायव्हर लपवलेल्या मानत नाही, त्याही छापल्या जातात. आणि फक्त एकच कॉलम निवडून सॉर्ट मारू नका. हळदीला मिरचीचा भाव लागतो.

२०० ग्रॅमच्या पाकिटाची एमआरपी ९० रुपये असेल तर युनिट सेल प्राइस ग्रॅमला ०.४५ रुपये. हा आकडा हाताने कधीच लिहू नका, फॉर्म्युल्यानेच यावा. नाहीतर भाव वाढतो आणि दर जुनाच राहतो. उलट पत्ता, कस्टमर केअरचा नंबर, लायसन्स नंबर हे यादीत कशाला? ते डिझाइनमध्ये पक्के बसवा. बदलणारे रकाने जितके कमी, तितकी चूक कमी.

मराठी नावांचं म्हणाल तर श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीतला मजकूर चालणार नाही, फॉन्ट बदलला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा आणि विंडोजचा फॉन्ट वापरा. प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी सहसा नसते, कित्येकदा रुपयाचं चिन्हही नसतं.

बारकोड माउसने ओढून लहान-मोठा करायची सवय सोडा. २०३ डीपीआयला एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. ईएएन-१३ ची (दुकानातल्या नेहमीच्या १३ अंकी बारकोडची) सर्वांत बारीक रेघ प्रमाण मापात ०.३३ मिलिमीटर असते आणि ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.२६४ पर्यंत लहान चालते. दोन ठिपक्यांची रेघ ०.२५ होते, म्हणजे मापाच्या खाली. तुम्हाला तीनच ठिपके घ्यावे लागतील, ०.३७५. सर्वांत बारीक रेघेएवढा एक, असे एकूण ११३ भाग धरले तर रुंदी ४२.४ मिलिमीटर; ५० च्या लेबलात ती बसते. या रुंदीत डावीकडची ११ आणि उजवीकडची ७ भागांची कोरी जागा धरलेली आहे. तिथे ‘शुद्ध शाकाहारी’ वगैरे काही घुसवू नका. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ बंद ठेवा.

डार्कनेस (छपाईचा गडदपणा) वाढवला की रेघा फुगतात, त्यामुळे नीट वाचता येईल इतकाच ठेवा. मसाल्याला तेल सुटतं, साध्या वॅक्स रिबनची छपाई बोटाने पुसली जाते. माझं मत वॅक्स-रेझिन रिबन आणि पीपी (प्लास्टिकच्या) लेबलला. छपाईत रोलच्या दिशेने सरळ पांढरी रेघ दिसली तर आधी प्रिंटरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. तरी राहिली तर हेडमधला ठिपका जळालाय. रोल बदलला की गॅप कॅलिब्रेशन करा (दोन लेबलांमधली फट प्रिंटरला ओळखायला लावा), नाहीतर छपाई लेबलावरून सरकत जाते.

पूर्ण रोल सोडण्याआधी पाचच लेबलं काढा, पण मुद्दाम वाईट ओळी निवडून: सर्वांत लांब नाव, सर्वांत मोठी किंमत, १३ तारखेनंतरची एक तारीख, यादीतली पहिली आणि शेवटची ओळ. पहिल्या ओळीवरच समाधान मानलं तर ‘कोल्हापुरी कांदा लसूण मसाला’ अर्धवट कापला जाणारच. मग बारकोड स्कॅनरने रिकाम्या टेक्स्ट कॉलममध्ये स्कॅन करा आणि एक्झॅक्ट फंक्शनने यादीशी ताडा. खालचे अंक डोळ्यांनी वाचून भागत नाही, कारण रेघा एका रकान्याला आणि अंक दुसऱ्याला जोडलेले असू शकतात. मोबाइल खराब बारकोडही वाचून टाकतो, तेव्हा दुकानात असतो तसा साधा स्कॅनर घ्या.

रिबन संपली किंवा लेबल अडकलं की बरेच प्रिंटर अडकलेलं लेबल आपणहून पुन्हा छापतात. एका बॅचची सारखीच ५०० लेबलं असतील तर काही बिघडत नाही, पण अनुक्रमांक असेल तर तोच नंबर दोनदा निघतो. थांबल्यावर शेवटचं चांगलं लेबल आणि पुढचं पहिलं शेजारी ठेवून बघा. खराब लेबलं लगेच फाडा, पण मोजून. छापलेली लेबलं म्हणजे लावलेली, फाडलेली आणि उरलेली यांची बेरीज, हा हिशेब त्या दिवशीच जुळला पाहिजे. जुळला नाही तर कुठल्या तरी पाकिटावर दुसऱ्या बॅचचं लेबल बसलेलं असू शकतं.

चुकीवर दुसरं लेबल चिकटवायचा विचार असेल तर तो सोडा. पाकीटबंद मालाच्या पॅकेज्ड कमॉडिटीज नियम २०११ नुसार आवश्यक माहिती बदलायला वर स्टिकर लावता येत नाही. फक्त एमआरपी कमी करायला चालतो, आणि तोही मूळ किंमत न झाकता.